माटोळीच्या पलीकडचं रान

चवथ जवळ आली की आमच्या घरात आठ दिवस आधीपासून माटोळीचीच बोलणी चालायची. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधायची. हल्ली बहुतेक घरांत बाजारातून विकत आणलेल्या जुड्या असतात. आमचं घर मात्र गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, केरीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. बाबा स्वतः रानात जायचे. कांगणीचे घोस, लालभडक कवंडळ, घागऱ्यो, नागकुड्याची जोडफळं असं सगळं पाठीवरच्या पोत्यात भरून ते दुपारी परतायचे. आम्ही भावंडं सोप्यावर बसून एकेक फळ ओळखायचो. कोणतं कुठल्या ओढ्यावर मिळतं, कोणतं वेलीचं, कोणतं झाडाचं, हे मला शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ झालं होतं.

बाबा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे रानात नेत नाहीत. यंदा मी पणजीहून येताना वाळपईच्या बाजारात थांबले आणि माटोळीचं सामान घेतलं. बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या एकेक जुडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "सगळं आहे गं. पण पाणी मारून ठेवलेलं आहे. रानाचा वास नाही येत."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. विसर्जन होऊन पंधरा-वीस दिवस झाल्यावर, सप्टेंबर सरताना, मी दोन दिवसांच्या पक्षिनिरीक्षणाच्या फेरीला नाव दिलं. आम्ही सहा जण होतो आणि दाखवणारा एक. म्हादई अभयारण्यातल्या एका गावचा, तिशीतला मुलगा. पहिला तासभर तो मला 'मॅडम' म्हणाला. मग माझं माहेर कुठलं ते कळल्यावर 'बाय' म्हणू लागला आणि माझी दुर्बीण त्यानं स्वतःच्या गमछानं पुसून दिली.

पहाटे पाचला आम्ही केरीहून घाट चढायला लागलो. खाली अंजुणे धरणाचं पाणी असणार, पण दिसत काही नव्हतं. एका वळणावर ढग आला आणि गाडीच्या दिव्यांपुढे पांढरी भिंत उभी राहिली. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या उतारांवर बारा महिने ढगात राहणारी जंगलं आहेत, मेघवनं. आपल्याकडे त्यांच्या जवळ जाणारं काही म्हणायचं तर दक्षिणेतल्या उंच डोंगरांवरची शोलावनं. चोर्ला तेवढा उंच नाही, जेमतेम ८०० मीटर. पण अरबी समुद्रावरून आलेला वारा इथे सह्याद्रीला थडकतो, वर चढतो, थंड होतो, आणि जून ते सप्टेंबर हा माथा ढगातच मुक्काम करतो. त्या चार महिन्यांपुरतं हेही ढगांचंच रान.

आमच्या दाखवणाऱ्यानं गाडी बंद करायला लावली. पाऊस नव्हता, तरी सगळीकडून टपटप चालली होती. तो म्हणाला, "हा पाऊस नव्हे. ढग पानांवर बसतो, शेवाळात मुरतो आणि तिथून गळतो." मी एका अंजनीच्या बुंध्यावर तळहात टेकला. शेवाळाचा जाड थर बोटांखाली दबला आणि मनगटावरून गार पाणी कोपरापर्यंत आलं. पाऊस थांबला तरी रानाचं गळणं थांबत नाही, हे लहानपणी रोज पाहिलेलं होतं. पाणी येतं कुठून, असा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता.

आणि मग शीळ ऐकू आली.

ओढ्याच्या बाजूनं, अंधारातच, कोणीतरी शीळ घालत होतं. पाच-सहा सूर वर, दोन खाली, मध्येच विसरल्यासारखं थांबणं, पुन्हा भलत्याच सुरावर सुरुवात. गुरं घेऊन निघालेला पोरगा आपल्याच नादात घालतो तशी. आमच्यातल्या एका गृहस्थांनी तर "इतक्या पहाटे कोण आलंय?" असं विचारलंही. मलबारचा शीळकरी कस्तुर होता तो. इंग्रजीतसुद्धा त्याला शीळ घालणारा शाळकरी पोर असंच म्हणतात. पावसाळा हा त्याच्या गाण्याचा काळ, आणि हंगाम सरत आला होता; आम्हाला शेवटचं गाणं मिळालं. उजाडल्यावर तो दिसलाही. ओढ्यातल्या खडकावर बसलेला, दुरून नुसता काळा. ढग जरा विरळ झाला, उजेडाची तिरीप पडली आणि त्याच्या खांद्यावरचा निळा रंग पेटला. चोचीत खेकडा होता. त्यानं तो खडकावर दोनदा आपटला, गिळला आणि पाण्याच्या आवाजात नाहीसा झाला.

घाटमाथ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाटीवर, तेरडा अजून फुललेला होता. दगडांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याकाठी सीतेची आसवं ही फुलं होती, जांभळ्या ठिपक्यांसारखी. पण पक्षी सड्यावर नव्हते, सड्याच्या कडेला जिथून झाडी सुरू होते तिथे होते. तिथे आम्ही एका जागी उभे राहिलो ते दीड तास.

हे उभं राहणं मला आधी जड गेलं. पायात जळवा चढत होत्या, दुर्बिणीची काच धुरकट होत होती. आमचा दाखवणारा मात्र कोतवालाची वाट पाहत होता. कोतवाल म्हणजे भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांची पानं असलेला काळा पक्षी. तो म्हणाला, "तो आला की बाकीचे येतील. तो पुढारी." आणि खरंच तसंच झालं. आधी सर्पगरुडाची किंकाळी आली. सगळ्यांनी वर पाहिलं, आकाशात काहीच नव्हतं. ती नक्कल होती, भृंगराजाची. तो फांदीवर बसला आणि त्याच्या मागोमाग रान हलायला लागलं. खोडावर छोटे सुतार, पानांत माशीमार, खालच्या झुडपांत सातभाई, शेंड्यावर नीलपरी. जो तो आपापल्या मजल्यावर किडे टिपत पुढे सरकत होता. एकानं उडवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी पडत होता आणि पहाऱ्याला कोतवाल होताच. पाच-सात मिनिटांत ती वरात गेली आणि रान पुन्हा आधीसारखं गप्प झालं. आपण एरवी रानातून जातो आणि "काहीच दिसलं नाही" म्हणतो, ते या दोन वरातींच्या मधल्या वेळेत चालत असतो म्हणून.

वरात गेल्यावर एकच पक्षी मागे राहिला. आमच्यापासून दहा पावलांवर, एका वेलीवर. डोकं काळं, अंग पिवळं, गळ्यावर लालबुंद डाग. हा बुलबुल आपल्या गोव्याचा राज्यपक्षी आहे. सरकारी पुस्तिकांवर मी त्याचं चित्र कित्येकदा पाहिलं होतं. पण मी त्याच्याकडे नव्हे, वेलीकडे पाहत होते. ती कांगणीची वेल होती. आमच्या माटोळीतली कांगणी. पिवळी फळं तडकून तीन पाकळ्यांसारखी उघडली होती आणि आतला शेंदरी गर दिसत होता. बुलबुल तो गर चोचीनं ओढून काढत होता, मान वर करून गिळत होता, चोच फांदीला एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पुसत होता. गळ्यावरचा डाग आणि फळाचा गर यांचा रंग जवळजवळ एकच. मी आयुष्यभर कांगणी पाहिली ती हिरवी-पिवळी, बंद, घोसात बांधलेली. ती पुढे अशी उघडते, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी फळ पिकायच्या आधीच तोडलेलं असायचं.

मी हे त्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बाय, माटोळीला लागतात तेवढी फळं रानाला जड नाहीत. पूर्वी माणूस आपल्या घरापुरतं काढायचा. आता टेम्पो भरून बाजाराला जातात, मुळासकट वेल ओढतात." वाळपईच्या बाजारातल्या जुड्या मला आठवल्या. त्यांतल्या एकीला खरंच मुळं होती. मी ती कापून टाकून माटोळीला बांधली होती.

दुपारी खाली उतरलो. सत्तरीतल्या बांबर गावात निरंकाराची राय आहे. राय म्हणजे देवराई. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही असा देव, त्यामुळे मूर्तीचा प्रश्न नाही. त्याचं घर म्हणजे ते रान. आत बारमाही पाण्याची दलदल आहे आणि दलदलीत रानजायफळाची झाडं. आम्ही चपला-बूट बाहेर काढून आत गेलो.

घाटावरचं रान आणि हे रान एकाच तालुक्यात आहे यावर विश्वास बसू नये. वर सगळं बुटकं, वाकलेलं, शेवाळलेलं. इथे खोडं सरळ वर गेलेली, इतकी वर की पानं बघायला मान दुखावी. खाली उजेड हिरव्या काचेतून आल्यासारखा. चिखलातून जिकडेतिकडे मुळं वर आलेली, दुमडलेल्या गुडघ्यांसारखी. सतत पाण्यात राहिलेल्या मुळांना श्वास मिळत नाही, म्हणून झाडानं ती अशी बाहेर काढलेली असतात. असं जायफळाचं दलदली रान ही जगातल्या अतिशय जुन्या वंशाच्या झाडांची वस्ती आहे आणि सह्याद्रीत ती आता तुकड्यातुकड्यांनी उरली आहे. या तुकड्याला एका देवाच्या नावाचं कुंपण मिळालं. मी फार देवभोळी नाही, पण त्या चिखलात अनवाणी उभी असताना, ज्यांनी कोणी पहिल्यांदा 'इथली काडी मोडायची नाही' असं ठरवलं त्यांना मी मनोमन हात जोडले.

फळांचा हंगाम नव्हता. एका गुडघ्याच्या आडोशाला जायफळाचं बी रुजलेलं होतं, करंगळीएवढा कोंब, वर दोनच पानं. दाखवणारा खाली बसला आणि आम्हालाही बसवलं. जायफळाच्या बीवर लाल पत्री असते, आपण मसाल्यात रामपत्री घालतो तशी. ती खायला मोठी रानकबुतरं आणि धनेश येतात. बी अख्खं गिळतात, पत्रीपुरतं पोटात ठेवतात आणि बी लांब कुठेतरी टाकून देतात. एवढं मोठं बी गिळू शकणारे पक्षी फार थोडे. ते गेले तर बी आईच्या पायाशीच पडून राहणार.

मग त्यानं वर बोट केलं. एका जुन्या झाडाच्या खोडात, खूप उंचावर, एक ढोली होती. "गरुडाची," तो म्हणाला. आमच्याकडे धनेशाला गरुडच म्हणतात. मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखलानं तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. अंडी, पिल्लं, सगळं आत. काही आठवडे, कधी महिने, तिला नर भरवतो. आत असताना तिची पंखांची पिसंही गळतात आणि नवी येतात, म्हणजे तिला उडताही येत नाही.

"माझा आजा शिकारी होता," तो म्हणाला. आवाज खाली आणून म्हणाला, पण लपवल्यासारखा नाही. "बारची बंदूक होती. पण शिमग्यापासून मिरगापर्यंत गरुडावर धरायची नाही, असा त्याचा नेम. तेव्हा एक नर पडला की आतलं सगळं घर उपाशी मरतं, हे त्याला ठाऊक होतं. हाका मला त्यानंच शिकवल्या. तो मारायला शिकला होता, मी दाखवायला वापरतो."

बोलणं संपतं न संपतं तोच वरून आवाज आला. मोठं सूप घेऊन कोणी भात पाखडावं तसा, फस्स, फस्स, फस्स. पानांच्या फटीतून पिवळी चोच, पांढरे पट्टे, लांब मान, एवढं दिसलं आणि मोठा धनेश ओलांडून गेलादेखील. आम्ही सगळे चिखलात बसलेलेच. कोणाच्याही हातातला कॅमेरा वर गेला नाही. थोड्या वेळानं पलीकडच्या किंदळीवर छोट्या मलबारी धनेशांची टोळी आली आणि त्यांचं ते खदखदा हसणं सुरू झालं. हा राखाडी धनेश फक्त सह्याद्रीतच असतो. त्याचं हसणं मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. फक्त ते कोणाचं आहे हे आजवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्लाला गेलो. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, मागे नदी, भोवती भगवान महावीर अभयारण्याचं रान. देवळाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मी त्याच्या मागच्या पायवाटेबद्दल लिहिणार आहे.

त्या वाटेवर आमच्यातल्या एका तरुणानं मोबाइलवर कर्ण्याचा आवाज लावला. मलबारी कर्णा म्हणजे काळ्या डोक्याचा, छातीवर पांढरी रेघ आणि पोटाला कुंकवासारखा लाल रंग असलेला पक्षी. त्याला पाहायला लोक दुरून येतात. दाखवणाऱ्यानं हळूच त्याच्या मोबाइलवर हात ठेवला. "भाऊ, नको. त्याला वाटेल दुसरा नर आलाय आपल्या जागेत. चरायचं सोडून भांडायला येईल. आज तुम्ही, उद्या आणखी कोणी. दिवसातून दहादा आला तर खाणार कधी?" तरुण ओशाळला, पण त्यानं लगेच बंद केलं. मला वाटतं पक्षी दाखवणाऱ्या प्रत्येकानं हे असंच, सगळ्यांसमोर आणि सौम्यपणे सांगायला हवं. आवाज लावून बोलावलेला पक्षी ही फसवणूक आहे. फोटो मिळतो, भेट होत नाही.

कर्णा अर्ध्या तासानं आपणहून दिसला, पाठमोरा. तो फांदीवर ताठ बसतो आणि माणसाची चाहूल लागली की लाल पोट पलीकडे करून तपकिरी पाठ आपल्याकडे ठेवतो. आम्ही हललो नाही. शेवटी एका नाकतोड्यासाठी तो वळला आणि त्या हिरव्या अंधारात तो लाल रंग एकदाच दिसला.

वाटेच्या शेवटी, वेतांच्या जाळीपाशी, दाखवणाऱ्यानं सगळ्यांना थांबवलं आणि मला एकटीला पुढे घेतलं. "बाय, माझ्या बोटाच्या रेषेत बघा. छातीइतक्या उंचीवर." मी पाहिलं. वाळकी पानं. "आणखी बघा." वाळकीच पानं, एक करडं, एक तांबूस, फांदीला अडकलेली. मग तांबूस पानाला श्वास आला. फक्त तेवढंच हललं, पोटाच्या जागी, अगदी थोडं. आणि त्या हलण्याभोवती हळूहळू एक अख्खा पक्षी गोळा झाला. रुंद चोच, चोचीभोवती राठ केस, मिटलेल्या डोळ्याची रेघ. शेजारी करडा नर, तिला खेटून. बेडूकतोंड्या. भारतात फक्त सह्याद्रीच्या रानांत आणि बाहेर श्रीलंकेत मिळणारा हा निशाचर पक्षी. दिवसभर जोडीनं असा बसतो. शेवाळाचं तळहातात मावेल एवढं घरटं, त्यात एकच अंडं, आणि दिवसा ते उबवतो नर. त्यानं डोळ्याची रेघ किंचित उघडली. आतून पिवळा रंग दिसला. आम्ही मागे सरलो.

"हे रात्री ओरडतात कसे?" मी परतताना विचारलं. त्यानं तोंडाशी हात धरून आवाज काढला. आधी कर्कश, वरून खाली घसरत येणारी एक किंचाळी. ती मादीची. मग नराचं कोरडं, हसल्यासारखं 'क्लॉक-क्लॉक-क्लॉक'.

मी जागच्या जागी थांबले. दिवेलागणीला घाटाच्या बाजूनं हा आवाज आला की आजी आम्हाला सोप्यावरून आत घ्यायची. देवचार फिरायला निघाला, म्हणायची. तो सीमा राखतो, वाकडं वागला नाहीत तर काही करत नाही, पण त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. चाळीस वर्षं तो आवाज माझ्या मनात काठी आणि घुंगरू घेऊन चालत होता.

परतीच्या वाटेवर दाखवणाऱ्यानं एक डोंगर दाखवला. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले, तेव्हा त्याचं गाव रात्री-रात्री झाडाच्या फांद्या घेऊन आग झोडपत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं. आणि त्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, याच सत्तरीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले होते. त्याच्या गावात घरं उठतील या भीतीनं प्रकल्पाला विरोध आहे. तो स्वतः त्याच गावात राहतो, त्याच रानावर पोट भरतो. "मी कोणाच्या बाजूनं बोलू?" एवढंच तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९९९ साली म्हादई अभयारण्य झालं तेव्हा तो बालवाडीत असेल. कागदावर रेघ ओढली गेली तेव्हा रेघेच्या आतल्या माणसांशी नीट बसून बोललं गेलं असतं, तर आज हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या छातीवर बसला नसता, असं मला वाटतं.

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांज होत होती. बाबा सोप्यावर होते. मी मोबाइलवरचा बेडूकतोंड्याचा फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "पान आहे वाळकं," म्हणाले. मी त्यांचं बोट धरून डोळ्याच्या रेघेवर ठेवलं. ते खूप वेळ बघत राहिले.

"ओरडतो कसा?"

मला जमलं तेवढं मी ओरडून दाखवलं. आतून भावजय "काय झालं?" म्हणत बाहेर आली. बाबा माझ्याकडे बघतच राहिले होते.

"आई आम्हाला घरात ओढायची ते..."

"हो."

"हा?"

"हाच. हिचा आवाज. आणि हा शेजारी बसलाय तो हसणारा."

ते काही बोलले नाहीत. कुळागराच्या बाजूला अंधार पडत होता, पोफळींच्या वरचा घाट दिसेनासा झाला होता. थोड्या वेळानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते उठले, भिंतीपर्यंत गेले आणि नीट ऐकू यावं म्हणून घरातला टीव्ही बंद करायला सांगून त्यांनी सोप्यावरचा दिवा मालवला.